दुपारी ऐकलेला अ‍ॅम्प्लिफायर

नवी खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी खिडकीला बसवून तिच्यावर पहिला तांब्या ओतला की जो वास घरभर पसरतो, तो मला सोसत नाही. नागपुरात जन्म काढलेल्या माणसाने हे बोलू नये. इथे त्या वासाची लोक वर्षभर वाट पाहतात. आमच्या घरी ताटी बदलण्याचा दिवस आला की मी काहीतरी काम काढून बर्डीच्या बाजारात निघून जातो. "माणसांशी भांडून झालं, आता वासाशी भांडा," असं बायको म्हणते. यंदापर्यंत तिला कारण माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

वासानंतर पंखा येतो. एप्रिल सरला की दुपारी दोनच्या सुमारास आमच्या वस्तीतले सगळे कूलर एकदम सुरू होतात, तारेतून येणारी वीज सगळ्यांच्या वाट्याला पुरत नाही, आणि छताचा पंखा मंदावतो. एरवी जे एक फिरतं वर्तुळ असतं त्यात हळूहळू तीन पाती वेगळी दिसू लागतात. मग फ्रिजखालचा स्टॅबिलायझर 'खट्' असा आवाज करतो. कमी पडलेली वीज तो डबा आतल्या आत वाढवून घेतो, त्याचा तो खटका. घरातलं कोणी मान वर करत नाही. मी करतो. इतकी वर्षं झाली, अजून करतो.

त्या खटक्याबद्दलच लिहायचं आहे.

मी कुहीजवळच्या एका खेड्यातला. बांधीत चिखल तुडवत धान रोवणाऱ्या घरातला. शहरात आलो तेव्हा हातात काही नव्हतं, तोंड मात्र होतं. त्या तोंडावर मी बर्डीच्या एका गल्लीत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं, नंतर रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, हेडफोन विकू लागलो. सौदा करावा तो मीच, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. मुंबईहून माल घेऊन येणारे एजंट माझ्या दुकानाची पायरी चढण्याआधी घाम पुसायचे. रागही माझा असाच प्रसिद्ध होता. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला 'खोकं' म्हटलं, तेव्हा मी त्याच्या हातातला चहाचा कप परत घेतला होता. चहा मीच पाजला होता ना.

देवरावजी माझ्या अगदी उलट. उमरेडच्या विणकराच्या घरात वाढलेला माणूस. लहानपणी आईशेजारी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचा. पुढे सूत सुटलं आणि त्याच बोटांनी तो तांब्याची तार गुंडाळू लागला. शहराच्या महाल भागात एका खोलीत बसून ट्रान्सफॉर्मर हाताने भरायचा आणि त्यावर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा. वर्षाला चार, फार तर पाच. व्हॉल्व्ह पेटले की खोलीत नारिंगी उजेड पडायचा आणि गरम वार्निशचा वास यायचा. तार गुंडाळताना त्याचे ओठ हलायचे. मी आधी समजायचो, वेढे मोजतो आहे. एकदा विचारलं तर म्हणाला, "मोजून नाही राहिलो गा, ऐकून राहिलो. तार सैल बसली का आवाज बदलते. मागावर धागा तुटला का मायले पाठमोरी असतानाबी समजे."

ऐकायचं कसं, हे मला त्यानेच शिकवलं. माझ्या दुकानातले हेडफोन तो डोक्यावर चढवायचा, डोळे मिटायचा आणि एकाच वाक्याने सुरुवात करायचा. "आधी आवाज सारखा कर. मंग बोल."

गोष्ट साधी आहे. दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी ठेवले आणि एकाचा आवाज केसभर मोठा असला, तर माणसाचा कान त्यालाच चांगला म्हणतो. तो मोठा आहे असं त्याला वाटत नाही. भरलेला वाटतो, स्वच्छ वाटतो, तबल्याची शाई जवळ आल्यासारखी वाटते. लबाडी कोणाला कळतही नाही. म्हणून देवरावजी तानपुऱ्याची रेकॉर्ड लावायचा, तोच एक अखंड सूर दोन्हींतून आळीपाळीने ऐकायचा, बटणं तिळातिळाने फिरवायचा, आणि दोन्ही सूर एका उंचीचे झाले की बटणांच्या शेजारी खडूने बारीक खूण करायचा. त्यानंतर त्या खुणेला देवालासुद्धा हात लावू द्यायचा नाही. मग कुठे गाणं. गाणंही ओळखीचं नको. ओळखीच्या गाण्यात कान आपल्या पदरचं घालतो, असं त्याचं म्हणणं.

मी हे सगळं शिकलो आणि नेमकं उलट वापरलं. जो माल मला खपवायचा असेल त्याचं बटण एक दाणा पुढे. दाणाच. गिऱ्हाईक हेडफोन काढून खूश होऊन बघायचं आणि मी म्हणायचो, "कान आहे तुमचा, मानलं पाहिजे." हे वाक्य ऐकून नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

एका संध्याकाळी दुकान भरलेलं असताना देवरावजी आत आला. एका डॉक्टरांच्या डोक्यावर हेडफोन होते, माझं नेहमीचं चाललं होतं. त्याने काउंटरच्या कडेने वाकून बटणांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, यानं एक दाना वर ठेवला हाये. खाली करून ऐका." मग माझ्याकडे वळून, हसतच, "तुले भाव ऐकू येते गा शेठ, आवाज नाही ऐकू येत."

दुकान हसलं. डॉक्टर हेडफोन काढून निघून गेले. मी देवरावजीला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पायरी उतरून गेल्यावरही मी बोलतच होतो.

त्याचं ते वाक्य मी सांभाळलं. माणसं दागिने सांभाळतात तसं. मधूनच काढून बघायचं, घासायचं, परत ठेवायचं. ज्या माणसाने मला सगळं शिकवलं त्याने मला चारचौघांत लहान केलं, ही माझी तक्रार होती आणि ती मला फार प्रिय होती. तो खरं बोलला होता, ही बाजू मी तेव्हा उलटून पाहिलीच नाही.

त्या साली नवतपा असा तापला होता की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. रोहिणी नक्षत्र लागल्यावरचे ते नऊ दिवस. माणसं कानाला दुपट्टे बांधून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडायची. त्याच दिवसांत एका संगीत विद्यालयाच्या बाईंनी आम्हां दोघांनाही निरोप धाडला. गोदाताई त्यांचं नाव. पन्नाशीच्या, पांढरं सुती पातळ, बोलणं मोजकं. विद्यालयात एकाच खोलीत सहा मुली सहा हेडफोन लावून रेकॉर्ड ऐकू शकतील असं टेबल त्यांना करायचं होतं. कूलर सुरू असला की भोंग्यातून काही ऐकू यायचं नाही आणि बंद केला की मुलींना भोवळ यायची, म्हणून हेडफोन. अ‍ॅम्प्लिफायर एकच हवा होता. माझा मुंबईचा ट्रान्झिस्टरचा घ्यायचा की देवरावजीचा हातचा, ते त्या स्वतः ऐकून ठरवणार होत्या.

माझ्यासाठी तो एक सौदा होता. देवरावजीसाठी काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. ट्रान्झिस्टर आल्यापासून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. सहा मुली रोज त्याच्या हातच्या वस्तूतून गाणं शिकणार, ही गोष्ट त्याच्या मनाला इतकी भिडली होती की त्याने त्या एका अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर दोनदा उकलून परत भरला होता.

सकाळी नऊला आम्ही विद्यालयात पोचलो. एकमेकांशी बोलत नव्हतोच. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर सायकलच्या कॅरिअरवर, गोधडीत गुंडाळलेला. माझा रिक्षाने, सोबत माझा स्टॅबिलायझर. तो मी लबाडीने नेला नव्हता, हे आज शपथेवर सांगतो. किमती माल भिंतीतल्या विजेला थेट जोडायचा नाही, ही माझी सवय. देवरावजीने आपली पिन सरळ भिंतीत खोचली.

तानपुऱ्याची रेकॉर्ड लागली. गोदाताई आणि देवरावजी आळीपाळीने हेडफोन लावून सूर जुळवत होते. देवरावजीने मला हेडफोन पुढे केला, बोलला नाही, नुसता केला. मी म्हटलं, "माझा माल मी ऐकूनच आणला हाये. दुसऱ्याचा ऐकाले मले वेळ नाही."

त्याने हात मागे घेतला. सूर जुळले. दोन्ही बटणांपाशी खडूच्या खुणा झाल्या. गोदाताईंनी सहज म्हणून एका ठुमरीची दोन मिनिटं लावली, देवरावजीच्या बाजूने. त्यांचा चेहरा बदलला. "अहो, ही गाते त्याच्या आधी श्वास घेते. तो ऐकू आला मला. ही रेकॉर्ड मी पंधरा वर्षं ऐकते आहे." देवरावजीने मान खाली घातली. लाजला होता.

तेवढ्यात उन्हाळी वर्गाच्या मुली आल्या. गोदाताई म्हणाल्या, "आता नको. घाईत नको. तुम्ही दोघे दुपारी या, मी शांतपणे ऐकते. खुणांना कोणी हात लावणार नाही, मी कुलूप लावते." देवरावजीला हे फार आवडलं. खुणेला कुलूप! त्याला याहून जास्त काय हवं होतं.

चूक तिथे झाली, आणि ती आम्हां तिघांची होती. आवाज सारखा केल्याशिवाय बोलू नये म्हणणारा माणूस, गाणं शिकवणारी बाई आणि वीजवाल्यांना रोज शिव्या घालणारा मी. नवतप्यातली नागपूरची सकाळ आणि नागपूरची दुपार ही एका तारेतली वीज नव्हे, हे आम्हां तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी अडीचला परत बसलो. खिडकीला खसची कोरी ताटी, नुकतीच भिजवलेली. कूलर बंद, ऐकायचं होतं म्हणून. गोदाताई अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठ करून बसल्या. डोळ्यांनी ऐकायचं नाही, हाही देवरावजीचाच नियम. हातात बदलण्याची कळ, डोक्यावर हेडफोन. कोणता पहिला, कोणता दुसरा, हे दुपारी आम्ही तारा बदलल्यामुळे त्यांना माहीत नव्हतं. आम्ही दोघे भिंतीशी दोन स्टुलांवर. ओल्या खसचा वास, घामाच्या धारा, आणि रेकॉर्डवरच्या सुईची अगदी बारीक कुरकुर. हेडफोनबाहेर गाणं तेवढंच ऐकू येतं.

आणि माझ्या पायाशी 'खट्' झालं.

मी वर पाहिलं. पंख्याची तीन पाती मला वेगवेगळी दिसत होती. एका क्षणात सगळं समजलं. शहरातले कूलर सुरू झालेत. वीज खाली गेली आहे. माझा स्टॅबिलायझर माझ्या मालाला सकाळइतकीच वीज पुरवतो आहे, आणि देवरावजीचे व्हॉल्व्ह अर्ध्या पोटाने गात आहेत. सकाळची खूण आता खोटी होती. एक दाणा नव्हे, मूठभर फरक होता, आणि आवाज नुसता लहान नव्हे, दमलेलाही होत होता.

हेडफोन घातलेल्या माणसाला खोली ऐकू येत नाही. गोदाताईंना तो खटका ऐकू येणं शक्य नव्हतं. खोलीत तो ऐकणारे दोघेच. मी देवरावजीकडे पाहिलं. त्याने आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाजवळच्या डब्याकडे, मग माझ्याकडे. नजर काढून घेतली नाही त्याने.

"थांबा बाई, वीज कमी पडली हाये, याचीबी पिन डब्यात लावतो." एवढंच म्हणायचं होतं. डब्याला दुसरं भोक होतं. मिनिटाचं काम.

सौद्यात पहिला बोलतो तो हरतो, हे मी माझ्या दुकानात हजार वेळा आजमावलं होतं. मी गप्प बसलो. तोही गप्प बसला. गोदाताई पंधरा मिनिटं ऐकत होत्या. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे ज्याला गप्प बसायचं असतं त्याला विचारा.

त्यांनी हेडफोन काढला, कानांवरचा घाम पदराने टिपला आणि म्हणाल्या, "पहिला." पहिला माझा होता. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशी, "सकाळी मला तो श्वास ऐकू आल्यासारखं वाटलं होतं. भास असणार. आता शोधला तर नव्हता. वय झालं, कान फसवू लागले."

देवरावजी उठला. व्हॉल्व्ह गरम होते, हात लावता येत नव्हता, म्हणून तो ते निवेपर्यंत उभा राहिला. तेवढा वेळही माझ्याकडे होता. मग त्याने गोधडीत ते सगळं गुंडाळलं, "येतो बाई" म्हणाला आणि त्या उन्हात सायकल हातात धरून चालत गेला. चढून नाही, चालत. त्या संध्याकाळी मी बर्डीवर ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं, "ज्याले भावच ऐकू येते म्हने, त्याचाच माल बाईनं कान लावून घेतला!"

त्यानंतर देवरावजीने अ‍ॅम्प्लिफायर बांधला नाही. महालातली खोली सोडून तो उमरेडला गेला, मोटारी आणि पंप भरून देऊ लागला. दोन उन्हाळे गेले. मग एक जुना ट्रान्सफॉर्मर असा आला की तो भरणारा हात नागपुरात नव्हता. मी एस.टी.ने उमरेडला गेलो. ट्रान्सफॉर्मर निमित्त होतं असं म्हणून मला स्वतःला चांगलं दाखवता येईल, पण तसं नव्हतं. काम होतं म्हणून गेलो.

"ये गा शेठ," तो म्हणाला. त्याच्या बायकोने गुळाचं पन्हं दिलं. त्याने ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला. "ठेव. आठ रोजांनी ये." फळीवर तोच अ‍ॅम्प्लिफायर होता, कापड घातलेला. कापड एका बाजूने सरकलं होतं आणि बटणाजवळची खडूची खूण दिसत होती. पुसली नव्हती.

मलाच राहवलं नाही. आवाज चढला माझा. मला लाज वाटली की आवाज चढतो. "देवरावजी, त्या दिवशी तुम्ही ऐकला होता तो खटका. मंग बोलले काहून नाही? तुमचं तोंड कोनी धरलं होतं?"

"धरलं नाही."

"मंग?"

त्याने तार चाचपून पाहिली. "तुले एकदा चारचौघांत बोललो होतो. खरं बोललो, पन तसं बोलाचं नव्हतं. दुकानात उभा होता तू, एवढासा झाला होता. घरी जाऊन जेवलो नाही मी. म्हटलं, आता पुन्हा याले बाईसमोर चोर काहून करू? हा पाहून राहिला पंख्याकडं, याले समजलं हाये. सांगन आताच." त्याने ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवला. "वाट पाहून राहिलो होतो गा. तू सांगशीन म्हनून."

मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. परतीची एस.टी. किती वाजता आहे ते विचारलं.

निघताना तो म्हणाला, "एक डाव सकाळचा ये. आठ वाजता वीज बरी रायते इथं. ऐकून जाय. तू कधी ऐकलाच नाहीस ना थो."

ट्रान्सफॉर्मर आणायला मी माणूस पाठवला. नंतर प्रत्येक वर्षी वाटायचं की यंदा जाऊ, आणि प्रत्येक वर्षी सकाळी आठला मला काहीतरी काम असायचं. खरं सांगायचं तर भीती होती. सकाळी ऐकलं असतं तर कळलं असतं की मी कशाला हरवलं. गेल्या हिवाळ्यात देवरावजी वारला. मी गेलो होतो. फळी रिकामी होती. भंगारवाला पितळ आणि तांब्यासाठी घेऊन गेला, असं त्याची बायको म्हणाली. मी हरवलेला तो आवाज मी जन्मात एकदाही ऐकला नाही.

यंदा जावई आखातातून आला. सोबत दोन यंत्रं, चंदेरी तबकड्या वाजवणारी. त्या तबकडीवर म्हणे गाणं आकड्यांत लिहिलेलं असतं आणि यंत्रातला एक भाग ते आकडे परत आवाजात बदलतो. दोन यंत्रांत तो भाग वेगळा आहे, म्हणून आवाज वेगळा. हेडफोन माझ्या हातात देत तो म्हणाला, "बाबा, तुम्ही या धंद्यातले. सांगा, कोणतं चांगलं?"

दुपारचे तीन वाजले होते. मी दोन्ही ऐकली. दुसरं मला जास्त भरलेलं वाटलं, आणि त्यामुळेच मला त्याच्यावर भरवसा वाटेना. मी हेडफोन काढला. पंख्याची पाती मोजता येत होती. फ्रिजखाली खट् झालं.

"काय झालं? वर काय पाहून राहिले?" जावयाने विचारलं.

"आत्ता नाही सांगत," मी म्हटलं. "सकाळी बसू. आधी दोन्हींचा आवाज सारखा करू, आणि एकाच भोकातून वीज देऊ."

तो हसला. म्हातारा वेड लागल्यासारखा बोलतो, असं त्याला वाटलं असणार. सकाळी मी त्याला हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. यंदा ताटी बदलायचं काम तिने पुढच्या आठवड्यावर ढकललं.

गोदाताई, तुम्ही निवृत्त झालात आणि मुलीकडे कुठल्या गावी राहायला गेलात, ते मला कोणी नीट सांगू शकलं नाही. मासिकं तुम्ही वाचायचात, म्हणून इथे लिहितो. त्या दुपारी तुमच्या मागे भिंतीशी बसलेल्या दोघांपैकी एकाला माहीत होतं की तो बोलला तर दुसरा लहान होईल, म्हणून तो बोलला नाही. दुसऱ्याला माहीत होतं की तो बोलला तर तो हरेल. तो दुसरा मी. तुम्ही 'कान फसवू लागले' म्हणालात तेव्हाही मी स्टुलावर बसूनच होतो. त्यानंतर इतकी वर्षं तुम्ही मुलींचं गाणं ऐकताना स्वतःच्या कानांवर किती वेळा शंका घेतली असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

मी तो आवाज ऐकलेला नाही, त्यामुळे माझी साक्ष कमी पडते. पण ज्याने तो बांधला त्याने खूण शेवटपर्यंत पुसली नव्हती. सकाळी नऊ वाजता, पंखा पुरा फिरत असताना, रेकॉर्डवरची ती गाण्याआधी थांबली आणि तुम्हाला काहीतरी ऐकू आलं. तो भास नव्हता, ताई. तो श्वास होता.